इमेज कॅशेसाहेबांस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमान इमेज कॅशेसाहेब,
मु. सी ड्राइव्ह, पो. यूजर्स, ता. ॲपडेटा, जि. लपवलेले फोल्डर.

कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्रास कारण की, आपले आमच्यावरचे उपकार आता तोंडी सांगून संपणारे राहिलेले नाहीत. आणि तोंडी सांगावे म्हटले तरी आपण भेटता कुठे? दिवसभर संगणकावर नकाशे करणाऱ्या आमच्यासारख्यांना प्रत्येक टूलबार पाठ असतो. आपली भेट मात्र सेटिंग्जमधून नेटवर्क, तिथून प्रगत पर्याय, आणि तिथेही खाली सरकत सरकत गेल्यावर एका कोपऱ्यात होते. थोर मंडळी अशीच प्रसिद्धीपासून चार हात लांब राहतात.

आपण स्वतःची ओळख करून देणार नाही, म्हणून वाचकांसाठी ते पुण्यकर्म मीच करतो. नकाशाच्या तळाशी उपग्रहचित्र किंवा रस्त्यांचे चित्र असते, ते अखंड येत नाही. ते २५६ गुणिले २५६ पिक्सेलच्या चौकोनी टाइल्सनी जुळवलेले असते. शून्य झूमला सगळे जग एका टाइलवर मावते. पुढच्या पायरीला चार टाइल्स, मग सोळा, आणि असे चौपट होत अठराव्या झूमला पोचेपर्यंत जगाच्या सुमारे ६,८७२ कोटी टाइल्स झालेल्या असतात. दर वेळी त्या सर्व्हरवरून मागवायच्या म्हटल्या, तर नकाशा बोटभर सरकवला की उठून चहाला जावे लागेल. म्हणून एकदा आलेली टाइल आपण डिस्कवर ठेवून घेता, आणि पुन्हा मागितली की घरातूनच काढून देता. आमच्या स्वतःच्या लेअर्सचीही, म्हणजे नकाशावर आम्ही चढवलेल्या थरांचीही, चित्रे आपण अशीच करून ठेवता. त्यामुळे एका लेअरचा रंग बदलला म्हणून बाकीच्या सगळ्या नव्याने काढाव्या लागत नाहीत.

कल्पना अतिशय सुरेख आहे. हे वाक्य मी मनापासून लिहिले आहे. पत्रात असे वाक्य पुन्हा येणार नाही, तेव्हा जपून ठेवा. जपून ठेवणे आपल्याला जमतेच.

तर, पहिले आभार चांदणी चौकाबद्दल. पुण्यातला तो जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी मध्यरात्रीनंतर सुरुंग लावून पाडला. सगळ्या गावाने जागून तो सोहळा पाहिला. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे नवा उड्डाणपूलही सुरू झाला. आपण मात्र यत्किंचितही विचलित झाला नाहीत. शेजारच्या टेबलावर नवे रॅम्प झळकत होते. सर्व्हर तोच, पत्ता तोच, प्रोजेक्ट फाइलही तीच. आणि माझ्या स्क्रीनवर जुना पूल ठणठणीत उभा! भेटीला आलेल्या अभियंत्यांनी चष्मा वर करून विचारले, "हा अजून आहे?" म्हटले, "आमच्याकडे आहे." वारसा जतन करणाऱ्यांनी आपल्याकडे शिकवणी लावावी. स्फोटकांपुढे पूल टिकला नाही, पण आपल्यापुढे स्फोटके टिकली नाहीत.

त्याहून मोठे ऋण आहे ते पूररेषांचे. आपल्याकडे नदीकाठी दोन रेषा आखतात: पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. कुणाला घर बांधता येईल आणि कुणाला नाही, हे या रेषा ठरवतात. एका नदीची लाल रेषा नव्या मोजणीनुसार सरकली. आमच्याच कचेरीच्या सर्व्हरवर आम्ही ती दुरुस्त केली आणि नकाशा उघडला. काही टाइल्स नव्या आल्या होत्या, आणि काही आपण प्रेमाने घरातल्याच दिल्या होत्या. त्यामुळे लाल रेषा पूर्वेकडून छान वळणे घेत आली, एका टाइलच्या काठावर थबकली, काटकोनात नदीकडे उतरली, पुढचे २५६ पिक्सेल जुन्या जागेवरून चालली आणि पुन्हा उडी मारून वर गेली. पुराचे पाणी चौकोनाच्या कडेला येऊन वळते, हा जलशास्त्रातला शोध आपल्या नावावर नोंदवायला हवा.

त्या चौकोनाच्या आत ज्यांचे प्लॉट होते, त्यांच्या वतीनेही आभार. स्क्रीनपुरती का होईना, त्यांची जमीन आपण कोरडी ठेवलीत.

आता आध्यात्मिक बाजूकडे वळतो. आम्ही चौघे एकाच डेटाबेसमधल्या गट नंबरांवर काम करतो. वरच्या मजल्यावरच्या सहकाऱ्याने चुकीचा एक गट काढून टाकला आणि शेजारी नवा आखला. माझ्याकडे जुना गट दिमाखात दिसत राहिला, कारण त्या लेअरचे आपण काढून ठेवलेले चित्र तसेच होते. त्याच्यावर क्लिक केले तर उत्तर आले, इथे काहीही नाही. शेजारच्या कोऱ्या जागेवर क्लिक केले तर रिकाम्या पडद्यातून गट नंबर, क्षेत्र, खातेदार असा सगळा संसार वर आला. क्लिक करणारे टूल थेट डेटाबेसला विचारते आणि डोळ्यांना आपण चित्र दाखवता, असा हा साधा मामला. जे दिसते ते नाही आणि जे आहे ते दिसत नाही, हे समजायला लोक गुरू करतात, हिमालयात जातात. आम्हाला ते कचेरीत, पगार घेऊन, माउसच्या डाव्या बटणावर मिळाले.

आपल्या संग्रहाबद्दलही दोन शब्द लिहायलाच हवेत. परवा डिस्क भरली म्हणून त्या लपवलेल्या फोल्डरात शिरलो. अगणित बारीक बारीक फाइल्स! कोकण किनाऱ्यावरचे काम होते, तेव्हा नकाशा सरकवताना पश्चिमेकडचे पाणी अनेकदा पडद्यावर आले असणार. आपण अरबी समुद्राचा एकूण एक चौकोन ठेवून घेतला होता. सगळे निळे, सगळे हुबेहूब सारखे आणि प्रत्येकाची फाइल वेगळी. त्यातली एखादी फाइल दोनच किलोबाइटची असली तरी डिस्कवर ती सहसा चार किलोबाइटची जागा अडवून बसते, हे वेगळेच. समुद्राचे इतके कागदपत्र बंदर खात्याकडेही नसतील.

आणि आदरातिथ्य किती! एकदा सर्व्हरला धाप लागली आणि त्याने टाइलऐवजी "या पातळीवर चित्र उपलब्ध नाही" असे लिहिलेला राखाडी चौकोन पाठवला. आपल्यापेक्षा कमी कुलवंत कॅशे असता तर त्याने तो टाकून दिला असता. आपण तोही आदराने घरात घेतला. सर्व्हर पाच मिनिटांत सावरला. माझ्या नकाशात मात्र पुढचा पूर्ण आठवडा चित्र उपलब्ध नव्हते. आलेल्या पाहुण्याला परत पाठवायचे नाही, ही आपली घराण्याची रीत दिसते.

घराण्यावरून आठवले. आपले चुलतबंधू श्री. पिरॅमिड यांनाही नमस्कार सांगावा. मोठ्या उपग्रहचित्राच्या लहान लहान प्रती आधीच करून ठेवायच्या आणि झूम मागे घेतला की मूळ फाइलऐवजी त्यातली सोयीची प्रत दाखवायची, हा त्यांचा व्यवसाय. प्रत लहान करताना चार पिक्सेलचा एक करावा लागतो, आणि तसे सांगून ठेवलेले असेल तर ते चारांची सरासरी काढतात. उंचीच्या चित्रात यामुळे कळसूबाई, म्हणजे १,६४६ मीटर उंचीचे महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर, आजूबाजूच्या उतारांसकट सरासरीत जाते आणि झूम मागे घ्यावा तसतसे खचत राहते. हे एक वेळ चालेल. शिखराला नम्रता शोभते.

पण जमीनवापराच्या चित्रात आम्ही आकडे ठरवले होते: दोन म्हणजे शेती, तीन म्हणजे जंगल, चार म्हणजे पाणी. बंधुराजांनी उजनी धरणाच्या काठावरचा दोन आणि जलाशयाचा चार घेतला, सरासरी काढली आणि उत्तर आले तीन. उसाच्या पट्ट्यात, पाण्याच्या काठाकाठाने, हिरवेगार जंगल उगवले! ना रोप, ना खड्डा, ना मंत्र्यांच्या हस्ते वृक्षारोपण. झूम पुढे नेला की जंगल गायब आणि मागे घेतला की पुन्हा दाट. ज्या बैठकीत हे प्रोजेक्टरवर झळकले, तिथे एका साहेबांनी "वनक्षेत्र समाधानकारक आहे" असा शेरा मारला. आता तो शेरा फाइलमध्ये आहे. तो मात्र झूम पुढे नेला तरी जात नाही.

छपाईबद्दल लिहिले नाही तर मी कृतघ्न ठरेन. ए झिरो कागद ८४१ गुणिले १,१८९ मिलिमीटरचा. तो ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, काढायचा तर सुमारे १४ कोटी पिक्सेल लागतात, म्हणजे एका नकाशामागे दोन हजारांवर टाइल्स. पडद्यावर सगळे देखणे होते. प्लॉटरने हळूहळू कागद बाहेर सोडायला सुरुवात केली आणि आम्ही भोवती उभे राहिलो. आधी दिसली ती गावांची नावे, मुंगीने लिहिल्यासारखी. टाइलवरचे अक्षर पडद्याच्या मापाने, ९६ डीपीआयच्या हिशेबाने काढलेले असते. ३०० च्या छपाईत ते एक तृतीयांशाहूनही बारीक होते. ते चित्रातच भाजलेले असल्यामुळे आम्हाला मोठे करता येत नाही. मागून पांढरे चौकोन बाहेर आले. इतक्या टाइल्स एकदम मागितल्यावर सर्व्हरने हात आखडता घेतला होता आणि न आलेल्यांच्या जागी कोरा कागद ठेवून आपण काम पुरे केले होते. त्यातला एक चौकोन नेमका तहसील कचेरीवर पडला. दुसरी प्रत काढली. चौकोन त्याच जागी! कोरेपणाही आपण जपून ठेवला होता.

तहसीलदारांनी विचारले, "आमची कचेरी कुठे आहे?" हा प्रश्न प्रजा त्यांनाच विचारत असते, म्हणून मी गप्प राहिलो.

राज्याच्या नकाशाबद्दल थोडक्यात लिहितो. महाराष्ट्र ७८ अंश पूर्व रेखांशाने यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणाच्या ४३ आणि ४४ अशा दोन झोनमध्ये विभागलेला आहे. पुणे, मुंबई ४३ मध्ये येतात आणि नागपूर, गडचिरोली ४४ मध्ये. सगळा नकाशा ४३ मध्ये बसवला की आपल्या साठवणीतल्या टाइल्स फिरवून घ्याव्या लागतात. चित्र फिरले की त्यातली अक्षरेही फिरतात. पश्चिमेकडे ती जवळजवळ सरळ असतात, आणि पूर्वेकडे जावे तशी दीड-दोन अंशांनी कलून कडांना करवतीचे दात फुटलेली दिसतात. आपल्याकडे तिरक्या नजरेने बघितले जाते, ही विदर्भाची तक्रार जुनी आहे. आपण तिला लेखी पुरावा दिलात.

एकदाच आपली खरी गरज पडली होती. जंगलातल्या गावांच्या सीमा बघायला जायचे होते. तिथे फोनला नेटवर्क नाही, हे ठाऊक होते. म्हणून आदल्या रात्री लॅपटॉपवर ते सगळे क्षेत्र सरकवून सरकवून पाहिले, म्हणजे आपण ठेवून घ्याल. दुसऱ्या दिवशी ग्रामस्थांसमोर झाडाखाली लॅपटॉप उघडला. चौदाव्या झूमपर्यंत सगळे होते. वाडी, ओढा आणि पाण्याची टाकी नीट दिसतील इतके जवळ गेल्यावर मात्र पडद्यावर तीच चौदावी टाइल ताणून पसरलेली, धुक्यातल्या गावासारखी. सोळावा झूम रात्री पाहिला होता, पण तो आपण बाहेर काढला होता, कारण आपल्याला दिलेली जागा भरली होती. आणि जागा कशाने भरली होती? अरबी समुद्राने. जुना माल आधी काढायचा हे आपले शास्त्र असते म्हणतात. मग समुद्रातच असा काय गोडवा होता? पोलीस पाटील सभ्य गृहस्थ. ते म्हणाले, "राहू द्या साहेब, आम्ही चालत दाखवतो." आणि त्यांनी शीव चालत दाखवली. एकेक बांध आणि एकेक दगड, सगळे अद्ययावत होते.

आता तक्रार केली की मदत करणाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते: कॅशे क्लिअर करा आणि रीस्टार्ट करून बघा. म्हणजे आपल्याकडून खरे वदवून घ्यायचे असेल तर आपली आठवण समूळ पुसावी लागते. मग सगळा नकाशा सर्व्हरवरून थेंब थेंब पुन्हा येतो, दुपार जाते, आणि संध्याकाळपर्यंत आपण पुन्हा पहिल्यासारखे गुटगुटीत होता.

साहेब, आपण काही ठेवू नये असे कुणीच म्हणत नाही. ठेवलेले विचारून द्यावे, एवढेच म्हणणे आहे. आणि विचारायची सोय आजची नाही. १९९७ साली एचटीटीपी १.१ आले, तेव्हापासून कुठल्याही कॅशेला सर्व्हरकडे चौकशी करता येते, "माझ्याकडची प्रत अमुक खुणेची आहे, बदलली आहे का?" बदलली नसेल तर सर्व्हर ३०४ एवढेच म्हणतो आणि चित्र पुन्हा पाठवायचा खर्चही वाचतो. हा एवढा निरोप आपण पाठवत नाही, कारण आपल्याला सांगितले गेले आहे की वेग म्हणजेच सेवा. नकाशा पडद्यावर झरझर उमटतो, बघणारा खूश होतो, आणि उमटला तो कधीचा, हे विचारायचे राहून जाते. शिळ्या भाताला फोडणी दिली तरी खाणाऱ्याला निदान तो फोडणीचा भात म्हणून वाढतात. तुम्ही ताज्याच्या ताटात वाढता.

हो, तुम्ही. आपण-आपण म्हणून थकलो.

सर्वे ऑफ इंडियाची जुनी टोपोशीट कधी पाहिली आहे का? एक इंच एक मैलाची किंवा एकास पन्नास हजारांची, कडेला दुमडून फाटलेली, चहाचा डाग पडलेली. ती संस्था १७६७ पासून मोजणी करते आहे. त्या शीटच्या समासात मोजणी कोणत्या साली झाली ते छापलेले असते, आणि आवृत्ती कोणत्या सालची तेही. नकाशा चाळीस वर्षे जुना असू शकतो, पण तो आपले वय लपवत नाही. तो वाचणारा माणूस समासात बघतो आणि ठरवतो की एवढ्या वर्षांत नदीने पात्र बदलले असेल, रस्ता झाला असेल, वाडीचे गाव झाले असेल. तुमच्या चौकोनाला समासच नाही. सहा महिन्यांपूर्वीची टाइल आणि आत्ताची टाइल शेजारी शेजारी बसतात, त्यांच्यामधली रेघही दिसत नाही, आणि त्या दोघी मिळून एक नकाशा आहेत असे आम्ही लोकांना शपथेवर सांगतो.

तेव्हा विनंती एकच. समुद्र ठेवा, पाडलेले पूल ठेवा, राखाडी चौकोनही ठेवा. फक्त पडद्याच्या खाली, स्केलच्या शेजारी, एक ओळ दाखवा: या दृश्यातली सर्वांत जुनी टाइल अमुक तारखेची. ती तारीख तुमच्याकडे असतेच, कारण प्रत्येक फाइलवर संगणकाने ती लिहिलेली असते. आम्हाला सांगायची तेवढी राहिली आहे.

कळावे, लोभ असावा. पण साठवून ठेवू नये.

आपला आज्ञाधारक,
एक नकाशाकार, पुणे

ता. क. हे पत्र वाचणाऱ्यांसाठी: आपल्या घराची, शेताची किंवा प्लॉटची पूररेषा कुणी स्क्रीनवर दाखवली, तर सही करण्याआधी त्याला त्याच्या खुर्चीत बसूनच कॅशे रिकामा करून नकाशा पुन्हा उघडायला सांगा. वेळ लागेल. तेवढा वेळ तिथेच बसून राहा.